नावांची नोंदवही आणि तिचे वाचक : सी लायब्ररीतील नेटवर्क-माहितीसंच फंक्शन्स आणि मुंबई परिसरातील संगणक-जाळ्यांचा आरंभकाळ

सारांश

संगणकाला एखाद्या यंत्राचे किंवा जाळ्याचे नाव सांगितले असता त्या नावामागील क्रमांक शोधून देण्याचे काम कार्यप्रणालीतील काही लहान फंक्शन्स करतात. सी भाषेच्या लायब्ररीतील 'गेटनेटएंट', 'गेटनेटबायनेम', 'गेटनेटबायॲड्र' आणि त्यांची भावंडे ही याच कामासाठी १९८३ साली प्रचारात आली. अमेरिकेतील एका कार्यालयात ठेवल्या जाणाऱ्या एका नोंदवहीचे वाचन करणे हा त्यांचा मूळ हेतू होता. ती नोंदवही कालबाह्य झाली, तिच्या मांडणीमागील वर्गव्यवस्था मोडीत निघाली, नोंदी ठेवणाऱ्या संस्था बदलल्या. तरीही ही फंक्शन्स आजच्या प्रमाण व्याख्येत टिकून आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात या फंक्शन्सचा इतिहास मुंबईतील एनसीएसटी ही संस्था आणि 'अर्नेट' हे शैक्षणिक जाळे यांच्या इतिहासाशी जोडून पाहिला आहे. नोंदवही बदलली तरी ती वाचण्याची रीत टिकते, आणि त्या रीतीबरोबर तिची जुनी गृहीतकेही टिकतात, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे. स्थानिक नावांच्या लिपीचा प्रश्न स्पष्ट करण्यासाठी नवी मुंबईतील नावडे व तळोजे या गावांच्या नावांचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : नेटवर्क-माहितीसंच, सी लायब्ररी, बर्कले युनिक्स, अर्नेट, एनसीएसटी, डोमेन नाव प्रणाली, देवनागरी लिपी, नावडे.

१. प्रस्तावना

पनवेल तालुक्यातील नावडे हे मूळचे गाव. पुढे सिडकोच्या नियोजनात ते नवी मुंबईचा एक भाग झाले. दिवा-पनवेल लोहमार्गावरील स्थानकाचे नाव 'नावडे रोड' असे आहे. रोमन लिपीत हेच नाव कोठे 'एन-ए-व्ही-डी-ई', कोठे 'एन-ए-व्ही-ए-डी-ई', तर कोठे 'एन-ए-डब्ल्यू-ए-डी-ई' असे लिहिलेले आढळते. ठिकाण एक, परंतु त्याची अधिकृत व प्रचलित नावे अनेक. गावाला या अनेकत्वाची अडचण होत नाही, कारण पोस्टमन, तलाठी आणि स्थानकावरील प्रवासी हे संदर्भाने अर्थ लावू शकतात. यंत्राला मात्र संदर्भ कळत नाही. त्याला 'मुख्य नाव कोणते, उपनावे कोणती आणि या सर्वांचा क्रमांक कोणता' हे कोठेतरी लिहून द्यावे लागते. ज्या ठिकाणी हे लिहिले जाते ती नोंदवही म्हणजेच संगणकशास्त्रातील नेटवर्क-माहितीसंच होय.

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात यंत्रे, संशोधक आणि संस्था यांना स्थान मिळते. आज्ञावलीतील एखाद्या लहान फंक्शनचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. वास्तविक अशी फंक्शन्स म्हणजे एका काळाच्या समजुतींचे लेखी दस्तऐवजच असतात. महसुली दप्तरातील रकान्यांवरून ते दप्तर घडविणाऱ्या राजवटीचा जमिनीकडे पाहण्याचा दृष्टिकोन जसा कळतो, तसाच या फंक्शन्सनी परत दिलेल्या माहितीच्या रकान्यांवरून इंटरनेटच्या आरंभकाळाचा जगाकडे पाहण्याचा दृष्टिकोन कळू शकतो.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) नेटवर्क-माहितीसंच वाचणाऱ्या फंक्शन्सचा उगम व त्यामागील गृहीतके स्पष्ट करणे, (२) मुंबईतील एनसीएसटी व अर्नेट यांच्या वाटचालीत या गृहीतकांचे काय झाले ते पाहणे, (३) नोंदवहीच्या लिपीचा मराठी नावांवर झालेला परिणाम तपासणे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. इंटरनेटची क्रमांकित मानक-टिपणे, युनिक्स प्रणालींची माहितीपुस्तके आणि संस्थांविषयीची प्रसिद्ध माहिती हा अभ्यासाचा आधार आहे.

३. एका फाईलमध्ये मावणारे जग

१९७० च्या दशकातील 'आर्पानेट' या अमेरिकी जाळ्यात जोडलेल्या यंत्रांची संख्या मर्यादित होती. आरंभी प्रत्येक केंद्र आपापली यादी ठेवी. त्यामुळे एकाच यंत्राला वेगवेगळ्या केंद्रांत वेगवेगळी नावे पडत. डिसेंबर १९७३ व जानेवारी १९७४ मधील टिपणांद्वारे यावर उपाय सुचविला गेला. मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील माहिती केंद्राने एकच अधिकृत यादी ठेवावी आणि इतरांनी तिची प्रत उतरवून घ्यावी, असे ठरले. या केंद्राचे नेतृत्व एलिझाबेथ फाइनलर यांच्याकडे होते. 'होस्ट्स डॉट टीएक्सटी' या नावाने ओळखली जाणारी ही फाईल पुढील सुमारे दहा वर्षे या जाळ्याची एकमेव नोंदवही होती.

या नोंदवहीत तीन प्रकारच्या नोंदी असत : जाळे, प्रवेशद्वार-यंत्र आणि सामान्य यंत्र. जाळ्याच्या नोंदीत त्याचा क्रमांक व नाव असे. आर्पानेटचा क्रमांक १० होता. यंत्राने स्वतःशीच संवाद साधावा यासाठी १२७ हा क्रमांक राखून ठेवलेला होता आणि आजही आहे. नावांत केवळ रोमन अक्षरे, अंक, जोडरेघ व टिंब यांनाच स्थान होते. १९८५ च्या मानकाने नावाची कमाल लांबी २४ अक्षरे ठरविली.

ऑगस्ट १९८१ मध्ये या यादीत २१३ यंत्रे होती, ऑगस्ट १९८३ मध्ये ५६२. एवढ्या नोंदी एका फाईलमध्ये सहज मावत. परंतु डिसेंबर १९८७ पर्यंत जाळ्यातील यंत्रांची संख्या २८,१७४ वर गेली. प्रत्येक नव्या यंत्रासाठी एकाच कार्यालयाकडे अर्ज करणे आणि प्रत्येक बदलानंतर सर्वांनी संपूर्ण यादी पुन्हा उतरवून घेणे, ही व्यवस्था त्या वाढीत टिकणे शक्य नव्हते.

४. बर्कलेची फंक्शन्स आणि त्यांची चार गृहीतके

१९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील गटाने '४.२ बीएसडी' ही युनिक्सची आवृत्ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षाच्या १ जानेवारीला आर्पानेटने टीसीपी/आयपी हे नियम स्वीकारले होते. या आवृत्तीत 'गेटटेबल' ही आज्ञावली माहिती केंद्राकडून यादी उतरवून घेई, आणि 'एचटेबल' ही दुसरी आज्ञावली त्या यादीचे यंत्रे, जाळी व प्रवेशद्वारे अशा तीन फाइलींत विभाजन करी. जाळ्यांच्या नावांची '/ईटीसी/नेटवर्क्स' ही फाईल अशा रीतीने मध्यवर्ती नोंदवहीचा एक तुकडा म्हणून जन्मास आली.

ही फाईल प्रत्येक आज्ञावलीने स्वतः उघडून वाचू नये, यासाठी सी लायब्ररीत फंक्शन्सचा एक संच देण्यात आला. 'सेटनेटएंट' हे फंक्शन नोंदवही उघडून वाचन पहिल्या ओळीवर आणते, आणि ती उघडी ठेवावी की नाही हेही त्याला सांगता येते. 'गेटनेटएंट' प्रत्येक वेळी पुढील एक नोंद देते. नोंदी संपल्या की रिकामा दर्शक परत करते. 'गेटनेटबायनेम' नावावरून, तर 'गेटनेटबायॲड्र' क्रमांकावरून नोंद शोधते. 'एंडनेटएंट' नोंदवही बंद करते. यंत्रे, सेवा आणि प्रोटोकॉल यांच्यासाठीही असेच संच तयार झाले. यंत्राच्या नावावरून पत्ता देणारे 'गेटहोस्टबायनेम' हे त्यांपैकी सर्वाधिक वापरले गेले.

परत मिळणाऱ्या नोंदीत चार रकाने असतात : अधिकृत नाव, उपनावांची यादी, पत्त्याचा प्रकार आणि जाळ्याचा क्रमांक. नावड्याची नोंद अशा पद्धतीने करावयाची झाल्यास एक लेखन अधिकृत ठरवून उरलेली लेखने उपनावांत घालावी लागतील. या साध्या मांडणीत चार गृहीतके दडलेली होती.

पहिले गृहीतक असे, की नोंदवही एकच आणि आपल्याच यंत्रावरील फाईल आहे. तिच्यातील पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचत जाणे शक्य आहे. दुसरे असे, की जाळ्याचा क्रमांक पाहताच त्याचा विस्तार कळतो. त्या काळी जाळ्यांचे अ, ब, क असे वर्ग होते आणि क्रमांकाच्या आरंभावरून वर्ग ठरे. म्हणून विस्तारासाठी वेगळा रकाना ठेवण्याची गरज वाटली नाही. तिसरे असे, की नाव रोमन अक्षरांतच असणार. चौथे असे, की एका वेळी एकच जण नोंदवही पाहणार. फंक्शन उत्तर एका ठरलेल्या स्थिर जागेत लिहून ठेवी आणि पुढील विचारणेबरोबर ते पुसले जाई. एका आज्ञावलीत अनेक धागे एकाच वेळी चालण्याची कल्पना तेव्हाच्या नित्य व्यवहारात नव्हती.

५. एनसीएसटी आणि अर्नेट

नोंदवहीची ही व्यवस्था पश्चिमेत मोडकळीस येत असताना भारतातील शैक्षणिक जाळ्याची उभारणी सुरू झाली. १९८६ साली केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या आर्थिक साहाय्याने 'अर्नेट', म्हणजे शिक्षण व संशोधन जाळे, हा प्रकल्प हाती घेतला. त्यात मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी), बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था, दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच आयआयटी आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशा आठ घटकांचा समावेश होता.

एनसीएसटीची परंपरा टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणक-संशोधनापासून सुरू होते. १९८५ मध्ये स्वतंत्र झालेली ही संस्था जुहू येथे होती आणि डॉ. श्रीनिवासन रामाणी तिचे प्रमुख होते. भारतात इंटरनेट आणण्यातील कार्याबद्दल २०१४ मध्ये त्यांचा 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश करण्यात आला. पुढे संस्थेचे एक संकुल नवी मुंबईत खारघर स्थानकासमोर, नावड्यापासून फार दूर नसलेल्या ठिकाणी, उभे राहिले. २००३ मध्ये एनसीएसटी ही प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजेच सी-डॅकमध्ये, विलीन झाली.

१९८६-८७ मध्ये एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई यांच्यामध्ये साध्या दूरध्वनी-जोडणीवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. ही सेवा 'यूयूसीपी' या पद्धतीवर आधारलेली होती. या पद्धतीत मध्यवर्ती नोंदवही नसतेच. प्रत्येक यंत्राजवळ केवळ आपल्या शेजाऱ्यांची वही असते : शेजाऱ्याचे नाव, त्याचा दूरध्वनी क्रमांक, जोडणीची वेळ व गती. दूरच्या यंत्राला पत्र पाठवावयाचे असल्यास 'याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून पुढे' असा संपूर्ण मार्गच पत्त्यात लिहावा लागे. अनोळखी गावी जाताना माणूस जसा प्रत्येक नाक्यावर पुढचा रस्ता विचारत जातो, तसाच हा व्यवहार होता. म्हणजे एक सर्वसमावेशक नोंदवही हे बर्कलेचे गृहीतक मुंबईतील पहिल्या जाळ्याला लागू होत नव्हते.

जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली व मुंबई यांच्यामध्ये सेकंदाला ९.६ किलोबिट गतीची भाडेतत्त्वावरील वाहिनी सुरू झाली. १९९२ पर्यंत सर्व आयआयटी, भारतीय विज्ञान संस्था, दिल्ली येथील विभाग आणि एनसीएसटी या वाहिन्यांनी जोडले गेले. त्याच वर्षी एनसीएसटीतून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील 'यूयूनेट'पर्यंत ६४ किलोबिट गतीची जोडणी मिळाली. देशातील शैक्षणिक विश्वाचे इंटरनेटचे प्रवेशद्वार अशा प्रकारे मुंबईत उघडले. या जाळ्यावर आरंभी टीसीपी/आयपी आणि ओएसआय असे दोन्ही नियमसंच चालत. १९९५ पासून जवळजवळ सर्व वाहतूक टीसीपी/आयपीवर आली. याचाच अर्थ असा, की त्या वर्षांत कोणती नोंदवही आणि कोणती वाचनपद्धती स्वीकारावयाची, हा भारतापुढील खुला प्रश्न होता.

६. १४४.१६ : एका क्रमांकाचा इतिहास

१९९० मध्ये अर्नेटला १४४.१६.० .० हा ब वर्गातील जाळे-क्रमांक मिळाला. ब वर्गातील एका जाळ्यात ६५,५३६ पत्ते मावतात. याच वर्षी आर्पानेटचा कारभार अधिकृतपणे समाप्त झाला, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या जाळ्यासाठी नोंदवहीत क्रमांक १० लिहिला गेला होता ते जाळे मावळले, आणि त्याच वर्षी भारतीय विद्याजगताचे नाव क्रमांकांच्या यादीत आले. पुढे १९९४ मध्ये १० हा क्रमांक कोणाही संस्थेने अंतर्गत वापरासाठी घ्यावा, असे ठरले. आज महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील यंत्राचा पत्ता १० पासून सुरू होत असेल, तर एका विसर्जित जाळ्याचा क्रमांकच तेथे वापरात असतो.

१४४.१६ हा क्रमांक जुन्या फंक्शन्सच्या मांडणीत नेमका बसणारा होता. आरंभीचा आकडा १४४ असल्यामुळे वर्ग ब. म्हणून पहिले दोन आकडे जाळ्याचे व उरलेले दोन यंत्राचे, हे फंक्शनला न सांगता कळे. परंतु प्रत्यक्षात हे एक जाळे नव्हते. निरनिराळ्या शहरांतील संस्थांना त्याचे उपविभाग करून देणे भाग होते. अशा उपविभागणीची पद्धत १९८५ मध्येच ठरली होती. तिच्यासाठी उपविभागाची मर्यादा सांगणारा वेगळा 'मुखवटा' लागे. जाळ्याच्या नोंदीत मात्र मुखवट्याचा रकाना नव्हता. म्हणजे क्रमांक पाहून विस्तार कळतो हे दुसरे गृहीतक वर्गबद्ध क्रमांकाच्या बाबतीतही अपुरे ठरू लागले होते.

तथापि या नोंदवहीचा एक व्यावहारिक उपयोग होता. वाहतुकीचे मार्ग दाखविणाऱ्या 'नेटस्टॅट' किंवा 'रूट' या आज्ञा 'गेटनेटबायॲड्र'च्या साहाय्याने क्रमांकाऐवजी जाळ्याचे नाव छापू शकतात. मार्ग-तक्त्यात आकड्यांच्या जागी ओळखीचे नाव दिसले की यंत्रणा सांभाळणाऱ्या व्यक्तीला दोष शोधणे सोपे जाते. '/ईटीसी/नेटवर्क्स' ही फाईल जागतिक नोंदवहीचा अंश राहिली नाही. ती त्या-त्या संस्थेची खाजगी टिपणवही झाली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा सर्वसामान्य ग्राहकांना खुली केली. निगमाचे २०२.५४ ने सुरू होणारे पत्ते त्या काळातील वापरकर्त्यांच्या परिचयाचे होते. जुन्या वर्गव्यवस्थेनुसार २०२ हा आकडा क वर्गात मोडतो, म्हणून २०२.५४ या आरंभाखाली तब्बल २५६ वेगवेगळी जाळी येतात. सप्टेंबर १९९३ च्या मानकाने वर्ग रद्द करून लगतच्या क्रमांकांचे हवे तेवढे मोठे गट करण्याची मुभा दिली होती. असा गट जुन्या नोंदीत एका ओळीत लिहिताच येत नाही, कारण विस्तार सांगण्यास तेथे जागा नाही. शैक्षणिक जाळ्याचा १४४.१६ आणि सार्वजनिक सेवेचा २०२.५४ हे दोन क्रमांक शेजारी ठेवले असता दोन युगांमधील सीमारेषा स्पष्ट दिसते.

७. नोंदवहीची विभागणी आणि 'डॉट इन'

एका फाईलवरील भार कमी करण्यासाठी पॉल मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये डोमेन नाव प्रणालीची रूपरेषा मांडली. तिचे सुधारित मानक नोव्हेंबर १९८७ मध्ये आले. या प्रणालीत संपूर्ण नोंदवही कोणा एकाकडे नसते. शिखरस्थानी केवळ 'या शाखेची वही अमुकाकडे आहे' एवढेच लिहिलेले असते, आणि प्रत्येक शाखा पुढील शाखेकडे बोट दाखविते. गावाचे दप्तर तलाठ्याकडे, तालुक्याचे तहसीलदाराकडे आणि जिल्ह्याचे जिल्हाधिकाऱ्याकडे, या परिचित रचनेशी तिचे साम्य आहे. देशांच्या शाखांसाठी आंतरराष्ट्रीय मानकातील दोन अक्षरी संक्षेप घेण्यात आले.

भारताची 'डॉट इन' ही शाखा ८ मे १९८९ रोजी नोंदली गेली आणि तिची वही अनेक वर्षे एनसीएसटीने सांभाळली. संस्थेच्या यंत्रांना शक्ती, साथी, संगम अशी भारतीय नावे होती आणि ती 'एनसीएसटी डॉट अर्नेट डॉट इन' या शाखेखाली येत. नाव कोणाला द्यावयाचे याचे नियम कडक होते. १९९२ ते २००४ या काळात केवळ सुमारे ७,००० नावे दिली गेली. जानेवारी २००५ पासून हे काम नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, अर्थात निक्सी, या संस्थेच्या अखत्यारीतील नव्या नोंदणी यंत्रणेकडे गेले व नियम शिथिल झाले. मार्च २०१० पर्यंत नावांची संख्या ६,१०,००० च्या वर गेली. नोंदवही सांभाळणारा विश्वस्त आणि त्याचे नियम बदलले की नावांच्या जगात किती मोठा फरक पडतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

या संपूर्ण स्थित्यंतरात सामान्य आज्ञावली लिहिणाऱ्याला मात्र फारसा बदल करावा लागला नाही. तो पूर्वीप्रमाणेच 'गेटहोस्टबायनेम' म्हणे. पूर्वी हे फंक्शन फाईल वाचून उत्तर देई, नंतर ते डोमेन प्रणालीला विचारून उत्तर देऊ लागले. सन कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यास संस्थेपुरती सामाईक नोंदवही आणली, आणि पुढे 'आधी फाईल पाहावी की डोमेन प्रणालीला विचारावे' हा क्रम ठरविणारी '/ईटीसी/एनएसस्विच डॉट कॉन्फ' ही फाईल आली. पाठीमागील व्यवस्था बदलूनही विचारण्याची रीत तीच राहिली, यातच या फंक्शन्सच्या दीर्घायुष्याचे रहस्य आहे.

जाळ्यांच्या नावांसाठीही डोमेन प्रणाली वापरता यावी, असा प्रस्ताव १९८९ मध्ये मांडला गेला होता, परंतु तो फारसा रूढ झाला नाही. विखुरलेल्या वहीत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जाणे शक्य नसल्याने 'गेटनेटएंट'चे 'पुढील नोंद दे' हे मागणे तेथे अर्थहीन ठरते. एकाच फाईलचे पहिले गृहीतक येथे संपले.

८. टिकलेले फंक्शन आणि टिकलेले धोके

वर्ग संपले, नव्या पत्तापद्धतीत पत्ते १२८ बिटांचे झाले, आणि त्यासाठी 'गेटॲड्रइन्फो' हे नवे फंक्शन आले. २००८ च्या पॉझिक्स मानकातून 'गेटहोस्टबायनेम' वगळण्यात आले. 'गेटनेटबायनेम' व त्याची भावंडे मात्र त्याच मानकात राहिली, जरी त्यांच्या नोंदीत ३२ बिटांपलीकडील क्रमांक मावत नाही. जे पुष्कळ वापरात होते त्याला पर्याय निर्माण झाला व ते बाजूला काढले गेले. जे क्वचित वापरात होते ते मात्र तसेच राहून गेले. कायद्याच्या पुस्तकातील विस्मृतीत गेलेल्या कलमांचीही बहुधा हीच कथा असते.

अशा विस्मृत भागांची किंमत कधीकधी मोजावी लागते. जीएनयू सी लायब्ररीतील 'गेटनेटबायनेम'च्या डोमेन प्रणालीशी संबंधित भागात, बाहेरून आलेल्या विशिष्ट उत्तरामुळे आज्ञावली अंतहीन फेऱ्यांत अडकण्याचा दोष होता. तो २०१५ च्या आवृत्तीत दूर झाला. अतिदीर्घ नाव दिल्यास राखीव स्मृती ओलांडली जाण्याचा त्याच भागातील दुसरा दोष २०१६ मध्ये दुरुस्त करण्यात आला. 'गेटहोस्टबायनेम'च्या कुटुंबातील 'घोस्ट' नावाने गाजलेला दोष २००० सालापासूनच्या आवृत्तीत होता आणि त्याची सुरक्षाविषयक गंभीरता जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झाली. उत्तर स्थिर जागेत ठेवण्याच्या जुन्या रीतीमुळे अनेक धाग्यांच्या आज्ञावलीत चुका होऊ लागल्या, म्हणून उत्तराची जागा विचारणाऱ्यानेच पुरवावी अशी पर्यायी रूपे द्यावी लागली. चौथ्या गृहीतकाचा हा शेवट होय.

९. लिपीचे गृहीतक

तिसरे गृहीतक सर्वांत अधिक काळ टिकले आणि मराठी समाजाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. नाव रोमन अक्षरांतच असावे हा नियम एका देशातील काहीशे यंत्रांच्या यादीसाठी केला गेला होता. तो कोणावर अन्याय करण्यासाठी नव्हता. परंतु यादी जगाची झाल्यावर तो जगाचा नियम बनला. शक्ती, साथी, संगम ही नावे भारतीय असली तरी नोंदवहीत ती रोमन वेषातच गेली.

याचा परिणाम नावडे परिसरातील उदाहरणाने स्पष्ट होतो. शेजारचे 'तळोजे' रोमन लिपीत गेले की 'ळ' हरवतो, कारण त्या लिपीत 'ल' आणि 'ळ' यांना एकच अक्षर आहे. तेच नाव रोमनमधून देवनागरीत परत आणले की 'तलोजा' होते, आणि हे परतलेले रूप पाट्यांवर व कागदपत्रांत स्थिरावू लागते. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. एक डोंगरातला, दुसरा समुद्राचा. रोमन नोंदवहीत दोघांची नोंद एकच होते. नावड्याची तीन रोमन लेखने ही याच प्रश्नाची दुसरी बाजू : एका नावाची तीन नावे होतात आणि तिन्हींसाठी वेगवेगळ्या नोंदी मिळवाव्या लागतात.

यावर मार्च २००३ च्या मानकाने तडजोडीचा उपाय दिला. नाव कोणत्याही लिपीत लिहावे, परंतु नोंदवहीत जाण्यापूर्वी त्याचे ठरावीक रीतीने रोमन सांकेतिक रूप करावे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरी लिपीतील 'डॉट भारत' ही शाखा सुरू झाली व तिच्यात हिंदी, कोंकणी आदी भाषांबरोबर मराठीचाही समावेश झाला. देवनागरी नावांच्या नियमांच्या आखणीत सी-डॅकचा सहभाग होता. तथापि 'भारत' हे नाव जगाच्या मूळ वहीत आजही 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' याच रूपाने लिहिलेले आहे. देवनागरी दिसते ती वाचकाच्या पडद्यावर. वहीच्या पानावर अद्याप रोमन अक्षरेच आहेत.

हे रूपांतर कोणी करावयाचे, हा प्रश्न पुन्हा फंक्शन्सकडे येतो. जीएनयू सी लायब्ररीतील 'गेटॲड्रइन्फो'ला विशिष्ट सूचना दिल्यास ते रूपांतर करते. सूचना न दिल्यास करत नाही. जुनी फंक्शन्स हे काम करीतच नाहीत. त्यामुळे जुन्या रीतीने लिहिलेल्या आज्ञावलीत देवनागरी नाव नोंदलेले असूनही सापडत नाही. नोंद असणे आणि ती सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दप्तरखान्यात काम केलेल्या प्रत्येक संशोधकाला ठाऊक असते.

१०. निष्कर्ष

१. नेटवर्क-माहितीसंच वाचणारी फंक्शन्स ही १९८३ मधील मध्यवर्ती नोंदवहीची वाचनसाधने होती. एकच फाईल, वर्गबद्ध क्रमांक, रोमन नाव आणि एकटा वाचक ही चार गृहीतके त्यांच्या रचनेतच आहेत.

२. भारताचा प्रवेश या व्यवस्थेच्या संधिकाळात झाला. यूयूसीपीची शेजाऱ्यांची वही, १४४.१६ हा वर्गबद्ध क्रमांक आणि 'डॉट इन' ही विकेंद्रित वही असे तिन्ही टप्पे मुंबई परिसराने अवघ्या काही वर्षांत अनुभवले. पश्चिमेतील इतिहास जसाच्या तसा येथे लागू करणे म्हणूनच योग्य ठरत नाही.

३. वाचनाची रीत नोंदवहीपेक्षा अधिक काळ जगते. तिच्या स्थैर्यामुळे जुन्या आज्ञावली चालू राहिल्या, परंतु त्याच स्थैर्याने जुने दोष व जुनी लिपीबंधनेही पुढे आणली.

४. महाविद्यालयीन अध्यापनात ही फंक्शन्स शिकविताना केवळ त्यांची लेखनपद्धती न सांगता त्यांची गृहीतके व त्यांचा काळही सांगणे आवश्यक आहे. नवीन आज्ञावलीसाठी 'गेटॲड्रइन्फो' आणि देवनागरी नावांच्या रूपांतराची सूचना यांचा परिचय विद्यार्थ्यांना करून द्यावयास हवा.

५. आरंभकाळातील संस्थांच्या '/ईटीसी/होस्ट्स' व '/ईटीसी/नेटवर्क्स' यांसारख्या फाइली या प्राथमिक ऐतिहासिक साधनांच्या दर्जाच्या आहेत. कोणते यंत्र कोठे होते, त्याला काय नाव दिले गेले आणि कोणाशी ते जोडलेले होते, हे त्यांतून कळते. जुनी यंत्रे मोडीत काढताना या फाइलींची प्रत महाविद्यालयांनी व संशोधन संस्थांनी ग्रंथालयात जपून ठेवल्यास मराठी मुलखातील संगणक-जाळ्यांचा इतिहास पुढील पिढ्यांना मूळ साधनांवरून लिहिता येईल.